अंघोळीत बाळ घसरलं म्हणून धसका घेतलेल्या नव्या आईला

अगं, आधी बाळाला जवळ घे. माझी लेक दोन महिन्यांची असताना तेलकट अंगाने अशीच पायांवरून घसरली, नाकातोंडात पाणी गेलं. पुढे आठवडाभर तांब्या उचलला की माझे हात कापायचे.

बाळ लगेच रडलं, नीट प्यायलं, ही चांगली खूण. तरी दिवसभर लक्ष ठेव. सतत खोकला, धाप, उलट्या, सुस्ती दिसली किंवा डोकं आपटलं असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा.

उद्यापासून एवढंच:

- तेल कमी, मानेखाली हात कायम.
- पाणी कोपराने बघ, तोंडावर ओतू नकोस.
- पंचा, लंगोट आधीच शेजारी. फोन वाजला, दूध उतू गेलं, तरी बाळाला सोडून उठायचं नाही.

चार दिवस सासूबाईंना शेजारी बसव. अंघोळ मात्र तूच घाल.