कंपनी अमेरिकेतल्या ब्रँचला पाठवतेय, पण माझ्याकडं डिग्री नाही. एल-१ व्हिसा होईल का?

होऊ शकतो. एल-१ म्हणजे कंपनी आपल्याच माणसाला स्वतःच्या अमेरिकेतल्या कंपनीत पाठवते तो व्हिसा. तुम्ही लिहिलंय की मेटलर्जीचा डिप्लोमा आहे, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बरीच वर्षं क्वालिटी बघताय, आणि आता मालकांनी मिशिगनला ऑफिस नि गोडाऊन घेतलंय तर तिकडं तुम्हाला पाठवायचं चाललंय. मी वकील नाही, गोकुळ शिरगावला एका कंपनीत एचआर बघतो, पण बाहेर पाठवायच्या माणसांच्या फाइली माझ्याच टेबलावरनं जातात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

डिग्री लागते ती एच-१बी ला, म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीत नोकरीला जायच्या नेहमीच्या व्हिसाला. तिथं लॉटरी आहे, शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं बाहेरनं येणाऱ्या नव्या माणसाच्या अर्जावर १ लाख डॉलर लावलेत, त्यामुळं आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांनी तो विषयच सोडून दिलाय. एल-१ ला लॉटरी नाही, कोटा नाही. त्यात दोन प्रकार, मॅनेजर लोकांना एल-१ए, जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि कंपनीचं खास ज्ञान असलेल्याला एल-१बी, जास्तीत जास्त ५ वर्षं. मोठ्या आयटी कंपन्या ब्लँकेट एल, म्हणजे बऱ्याच माणसांसाठी एकदाच घेतलेली मंजुरी, वापरतात, तिथं एल-१बी वाला डिग्रीच्या तोडीचा प्रोफेशनल लागतो, पण तुमची कंपनी त्यात बसायची नाही, तुमचं पिटिशन, म्हणजे कंपनीनं तुमच्यासाठी करायचा अर्ज, वेगळंच जाणार, आणि त्यात डिग्रीची अट नाही. तेव्हा डिप्लोमाची काळजी सोडा.

काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती तुमच्या हातात नाही, मालकांच्या हातात आहे. मिशिगनच्या कंपनीचे शेअर कुणाच्या नावावर आहेत? हे आधी विचारा. आपल्याकडं कसं असतंय, फाउंड्री थोरल्या भावाच्या नावावर, मशीन शॉप धाकट्याच्या, पेरोल तिसऱ्याच फर्मवर, आणि अमेरिकेतली कंपनी तिकडं राहणाऱ्या पुतण्यानं स्वतःच्या नावावर काढलेली. घरात ते सगळं एकच असतं, पण यूएससीआयएस ला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, दोन्ही कंपन्यांची मालकी आणि कंट्रोल एकाच हातात असल्याचं कागदावर दिसावं लागतं. इथल्या कंपनीनं तिथल्या कंपनीचे बहुतांश शेअर घेतले असतील तर प्रश्नच नाही. पण पुतण्या एकटा मालक असेल तर नातं रक्ताचं आहे, कंपनीचं नाही, आणि तिथंच केस फसते. हे दुरुस्त करता येतं, पण पिटिशन टाकायच्या आधी, नंतर नव्हे.

तुमच्या बाजूनं बघायचं म्हणजे गेल्या ३ वर्षांत सलग १ वर्ष इथल्या कंपनीत फुल टाइम नोकरी. तुमची वर्षं भरलीत, तरी पगार कुठनं येतो ते बघा. कंत्राटदाराच्या पेरोलवर असाल किंवा मधेच दुसऱ्या फर्मवर टाकलं असेल तर पीएफ पासबुक आणि फॉर्म १६ वर वेगळंच नाव निघतं, ते वकिलाला आधीच सांगा, लपवू नका.

आता खास ज्ञान म्हणजे काय, यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा असं माझं ठाम मत आहे. फाउंड्रीतला माणूस ब्लो होल (कास्टिंगमधलं हवेचं भोक) बघून सांगतो की सँडमधे ओल जास्त होती का गेटिंग, म्हणजे धातू ओतायची वाट, चुकलंय, पण हे कुठं लिहिलेलं नसतं, आणि वकील मग इंटरनेटवरनं उचललेली क्वालिटी इंजिनियरची जॉब डिस्क्रिप्शन चिकटवतो, जी वाचून ऑफिसर म्हणणार की असा माणूस मिशिगनमधे गल्लोगल्ली मिळतो. मग आरएफई येते, म्हणजे आणखी पुरावे द्या. त्यापेक्षा आधीच लिहून काढा. कुठल्या पार्टचं डेव्हलपमेंट तुमच्या हातनं झालं, कुठला कंट्रोल प्लॅन (तपासणीचा आराखडा) तुम्ही बनवला, कुणाला शिकवलं, आणि तुमच्या कंपनीची जी पद्धत आहे ती बाहेरच्या अनुभवी माणसाला शिकायला किती महिने लागतील. जुने रिजेक्शन रिपोर्ट, पीपॅपच्या (कस्टमरकडनं पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फाइली, ट्रेनिंग रेकॉर्ड, तुमच्या सहीचे कागद शोधा. नवीन बनवून मागच्या तारखा टाकायच्या भानगडीत मात्र अजिबात पडू नका, कंपनी म्हणाली तरी.

मालक एल-१ए करू म्हणतील, कारण मुदत जास्त. पण तिकडं गोडाऊनमधे तुम्ही आणि दोन कामगार एवढंच असणार असेल तर तुम्हाला मॅनेजर धरत नाहीत.

अजून एक, तुम्ही रोज बसणार कुठं? स्वतःच्या गोडाऊनमधे का कस्टमरच्या प्लँटमधे? २००४ च्या कायद्यानं एल-१बी वाल्याला मुख्यतः दुसऱ्याच्या जागेवर, त्यांच्या हाताखाली मजुरीसारखं बसवता येत नाही. कस्टमरकडं जाऊन यायला हरकत नाही, पण कायमचं टेबल तिकडं असलं तर अडचण आहे. आणि "तोपर्यंत बी-१ वर जाऊन ये, माल सॉर्ट करून ये" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बी-१ म्हणजे धंद्याच्या कामासाठीचा व्हिजिटर व्हिसा, त्यावर मीटिंग चालते, इथनं विकलेलं मशीन करारात असेल तर तिथं बसवून किंवा दुरुस्त करून देणं चालतं, पण गोडाऊनमधे बसून रोजचं काम म्हणजे नोकरीच झाली, आणि ते पकडलं तर एल-१ चा पण घोळ होतो.

ऑफिस नवीन म्हणजे १ वर्ष झालेलं नसेल तर पहिला व्हिसा १ वर्षाचाच मिळतो. जागेचं लीज झालेलं लागतं, पैसा दाखवावा लागतो, आणि वर्षानंतर धंदा खरंच सुरू आहे हे दाखवलं तरच पुढची २ वर्षं. म्हणून माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी घर, मुलांची शाळा लगेच मोडू नका. न्यायचंच असेल तर बायको आणि २१ च्या आतली मुलं एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येतात, आणि नोव्हेंबर २०२१ पासून बायकोला वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी करता येते.

पगाराचं लेखी घ्या. एच-१बी ला तिथल्या बाजारभावाचा पगार द्यावाच लागतो, एल-१ ला तसा नियम नाही, फक्त किमान वेतन, आणि याचाच फायदा घेऊन इथला पगार अधिक भत्ता असं गुंडाळतात. भारत-अमेरिका सोशल सिक्युरिटी करार नाही, त्यामुळं तिकडच्या पगारातनं ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी नि १.४५ टक्के मेडिकेअर कापणार.

कंपनीच्या बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडायच्या करारावर) सही करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा की एल-१ त्याच कंपनीला बांधलेला असतो, नोकरी गेली तर ६० दिवसांपर्यंतच मुदत मिळते, तेवढ्यात दुसरं काही करा नाहीतर परत या. परतीचं तिकीट कंपनी देणार का ते त्या बाँडमधेच लिहून घ्या. पासपोर्ट आणि आय-७९७ (पिटिशन मंजूर झाल्याचं पत्र) ची कॉपी स्वतःजवळ ठेवा, मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटला इंटरव्ह्यूला जाताना पिटिशन पूर्ण वाचून जा, त्यात लिहिलेलं काम आणि तुमच्या तोंडचं काम एकच निघायला पाहिजे. आणि शेअरचं काय ते मालकांकडनं कळलं की मला सांगा, त्यावर बाकीचं ठरतंय.