कच्चं प्रकरण लपवून ठेवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. पीएच.डी.चं कोर्सवर्क संपलं, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा मंजूर झाला, आणि आता तू ठरवलं आहेस की दुसरं प्रकरण पूर्ण होईपर्यंत सेमिनारला जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही आणि ‘नीट झाल्याशिवाय’ कुणाला काही दाखवायचं नाही. तुझ्या बाकी सगळ्या बेतांना माझी संमती आहे. हा तेवढा मोड.

कोर्सवर्क चालू असतं तोवर सोबत आपोआप मिळते. तीच माणसं, तेच तास, त्याच असाइनमेंटची रडगाणी. ते संपलं की एक जण डेटा गोळा करायला शाळांमध्ये जातो, एक नोकरीवर परत रुजू होते, एकीचं मूल लहान असतं. विभाग जागेवरच असतो, तिथे जायचं कारण उरत नाही. पीएच.डी. सोडून गेलेले जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतले बहुतेक याच टप्प्यावर निसटले. सोडतोय असं कुणी सांगत नाही. आधी सेमिनार चुकतो, मग गाइडच्या मेलला उत्तर द्यायचं राहतं, मग इतके आठवडे उलटतात की उत्तर द्यायचीच लाज वाटू लागते. हुशारी कमी पडली म्हणून गेलेलं मला तरी कुणी आठवत नाही.

माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेली कल्पना तू वाचली आहेस, बहुधा परीक्षेपुरती: नवखा माणूस एखाद्या व्यवसायाच्या कडेला उभा राहतो आणि लहान पण खरीखुरी कामं करत करत आत येतो. ती आता पुन्हा वाच, स्वतःला त्यात ठेवून. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला शिकाऊ मुलगा आधी बटणं लावतो, कडा दुमडतो, मग शिवायला लागतो, आणि कापड बेतायचं काम त्याच्या हाती सगळ्यात शेवटी येतं. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या नेमकं उलट. दुसरं उदाहरण सुपरमार्केटातल्या खाटिकांचं आहे, आणि ते आपल्याला जास्त लागू पडतं. तिथे शिकाऊ मुलांना गुंडाळणीच्या टेबलाशी उभं केलेलं असतं, आणि मुरलेले कारागीर मांस कापतात कसं ते त्या जागेवरून दिसतच नाही.

बहुतेक विभागांत लेखनाचं हेच होतं. छापून आलेला लेख भिंतीवर लागतो, त्याचे आधीचे ड्राफ्ट कुणाला दिसत नाहीत. मग तुझ्यासारखीला वाटतं, इतरांना हे पहिल्या झटक्यात जमतं. एखाद्या सीनियरला सांग की तिच्या लेखाची संदर्भयादी मी मजकुराशी ताडून देते. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारे, काय म्हणाले, तिने कुठे माघार घेतली, कुठे नम्रपणे नकार दिला, हे सगळं त्या निमित्ताने बघायला मिळतं. कुणाला मुलाखतींच्या कोडिंगसाठी, म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना वर्गवारीची नावं देण्यासाठी, दुसरी व्यक्ती हवी असेल तर तू हो. दोघींनी स्वतंत्रपणे कोड दिले आणि ते जुळले नाहीत, की त्या न जुळण्यावर जी चर्चा होते तिच्यात संशोधनपद्धतीचं अख्खं पुस्तक असतं.

आणि स्वतःचा वाचनगट काढ. तीन-चार जणी पुरे. गाइड लोकांना त्यात घेऊ नकोस. दिवस ठरलेला असावा, पानं पाचाच्या वर नसावीत, आणि ती आधी पाठवलेली असावीत. लिहिणारीने सुरुवातीला गप्प बसायचं; बाकीच्यांनी आपल्याला काय कळलं तेवढंच सांगायचं. आवडलं-नावडलं नंतर. शुद्धलेखन तर सगळ्यात शेवटी, नाहीतर गट त्यातच रमतो, कारण ते सोपं असतं. गटातल्या सगळ्या तुझ्याच विषयातल्या नसाव्यात. शिक्षणशास्त्र विभागाची खरी चैन हीच आहे की एका टेबलाशी मानसशास्त्रातून आलेली, समाजशास्त्रातली, आकडेवारीत बुडालेली आणि वर्गात फळ्यापुढे आयुष्य काढलेली अशा सगळ्या बसू शकतात. एक विचारेल, तुलनेला दुसरा गट कुठे आहे? दुसरी विचारेल, तू त्या वर्गात किती दिवस बसलीस? दोन्ही प्रश्नांना तुझ्या प्रकरणात उत्तर हवं.

तू पाठवलेल्या चार पानांबद्दल. ‘आपण वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो, स्वतः केलेलं नव्वद टक्के’ हे वाक्य अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर घालून टाकलं आहेस. डेल यांनी अनुभवांचा शंकू, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांची प्रत्यक्षाकडून अमूर्ताकडे जाणारी आकृती, १९४६ मध्ये मांडला, पण त्यात टक्केवारी नव्हतीच. ते आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि प्रशिक्षणाच्या स्लाइडांवरून ते जगभर फिरत राहिले. तू ज्या लेखातून हे घेतलंस त्या लेखकानेही मूळ उघडून पाहिलं नव्हतं. वाचनगटात एकीने जरी ‘हे कुठून आलं?’ विचारलं असतं तरी ते तिथेच थांबलं असतं. एकटीला स्वतःच्या वाक्यावर असा संशय येत नाही.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण देते, कारण ‘प्रबंध वाचतं कोण’ असं तू वैतागून लिहिलं आहेस. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा प्रसिद्ध निष्कर्ष, एकास-एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, हा मुख्यतः त्यांच्याच विभागातल्या जोआन अनानिया आणि आर्थर बर्क या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर उभा आहे. नंतरच्या आढाव्यांत एवढा मोठा परिणाम दिसला नाही, तेव्हा तो आकडाही तू सावधपणेच वापर. पण निष्कर्षाला आव्हान देणारेही आधी त्या दोन प्रबंधांपाशीच येतात, एवढं ध्यानात असू दे.

तुझ्या लेखनातली मला खुपणारी गोष्ट एकच, आणि ती आपल्या क्षेत्रात घरोघरी आढळते. तिसऱ्या पानापासून तू ‘शिक्षकांनी असं केलं पाहिजे’ या सुरात शिरतेस. अजून तू काय सापडलं तेही सांगितलेलं नाहीस. हा उपदेश तुझ्या शाळेतल्या वर्षांमधून येतो, मला कळतं ते. ती वर्षं लपवू नकोस, आणि पुरावा म्हणून पुढेही करू नकोस. ‘भीती वाटते म्हणून मुलं गप्प बसतात’ हे तू वर्गात पाहिलं असशील. प्रबंधात ते प्रश्नाच्या रूपात यायला हवं, आणि उत्तर वेगळं निघालं तर ते लिहायची तयारी हवी. पानभर ‘पाहिजे’ कापून बघ. जे उरेल त्यावर प्रकरण उभं राहतं का, ते तुझं तुलाच दिसेल.

विभागातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गाइडांविषयीची कुजबुज ऐक, त्यातून कोण ड्राफ्ट किती आठवड्यांनी परत देतं ही कामाची माहिती मिळते. त्यात भर मात्र घालू नकोस. कार्यक्रमांची धावपळ नेहमी त्याच दोन-तीन मुलींवर पडते. तुझा वाटा उचल, आणि तो झाला की नाही म्हणायला शीक. गटात वाचलेली कुणाची कल्पना बाहेर बोलताना तिचं नाव घेऊन बोल.

लेखावर कुणाचं नाव आधी, हे काम सुरू होण्यापूर्वी विचार, आणि ठरलेलं एका मेलमध्ये लिहून ठेव. विचारायला संकोच वाटेल, म्हणून आधार देते: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की विद्यार्थ्याच्या प्रबंधावर मुख्यतः आधारलेल्या सहलेखनात, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, प्रमुख लेखक विद्यार्थीच असतो. तुझे गाइड सरळ आहेत, ते वाईट मानणार नाहीत. मानलंच, तर तेही लवकर कळलेलं बरं.

तुझी,
जुनी मास्तरीण

ता. क. संदर्भयादी हाताने टाइप करतेस असं दिसतंय. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घे. आणि एपीएच्या, म्हणजे वर सांगितलेल्या असोसिएशनच्याच, लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीत लेखक तीन किंवा जास्त असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि ‘व इतर’ एवढं चालतं. तू सगळीकडे पाच-पाच नावं लिहिली आहेस.