यकृतासाठीच्या कॅप्सूल आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाले की माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, ‘यकृतासाठी वनौषधींच्या कॅप्सूल सुरू करू का? नैसर्गिकच आहेत, मग अपाय कसा होईल?’ पन्नाशीच्या एका गृहस्थांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या कॅप्सूल केव्हाच सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही नव्हता.

पहिल्या तपासणीत त्यांचे एसजीपीटी (यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एन्झाइम) ६८, म्हणजे थोडेसेच वाढलेले होते. पुढच्या तपासणीत ते २१४ वर गेले. आजार बळावला असे समजून त्यांनी कॅप्सूलची मात्रा दुप्पट केली. डॉक्टरांनी ‘आणखी काही घेता का?’ असे विचारले होते, पण त्यांनी ‘काही नाही’ असे उत्तर दिले. कारण त्यांच्या लेखी ही औषधे नव्हतीच, शिवाय डॉक्टर रागावतील अशी धास्तीही मनात होती.

मी त्यांना पुढच्या भेटीत सगळ्या बाटल्या आणायला सांगितले. तीन निघाल्या. एक मिल्क थिसल या यकृतासाठी घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीची, एक ‘डिटॉक्स’ची आणि एक सांधेदुखीसाठीची, जिचा यकृताशी काही संबंध असेल असे त्यांना वाटलेच नव्हते. आम्ही बारीक अक्षरांतला मजकूर सावकाश वाचत गेलो. दोन बाटल्यांत हळदीचा तीव्र अर्क होता आणि सोबत पायपरिन, म्हणजे मिऱ्यातला असा घटक, जो त्या अर्काचे शरीरातील शोषण वाढवतो. ‘डिटॉक्स’च्या कॅप्सूलमध्ये ग्रीन टीचा अर्कही होता. स्वयंपाकातली हळद किंवा कपभर ग्रीन टी यांच्याशी या अर्कांची बरोबरी होऊ शकत नाही. ग्रीन टीच्या अर्कातील ईजीसीजी हा घटक पूरक आहारातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असा इशारा युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला होता. हळदीच्या अर्कामुळे, तसेच अश्वगंधा आणि गुळवेल यांच्या सेवनानंतरही यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ती विरळ आहेत, परंतु ज्याचे यकृत आधीच तपासणीखाली आहे, त्याने ती विरळ म्हणून सोडून देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. अहवाल हातात पडला की माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि कॅप्सूल गिळणे हे त्यातले सर्वांत सोपे असते. म्हणून आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक कॅप्सूलचे घटक, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहिली आणि तो कागद त्यांनी डॉक्टरांना दिला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिन्ही बंद करायला सांगितल्या आणि विषाणूजन्य कावीळ व अन्य कारणे नाहीत याची खात्री करून घेतली. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य, सामान्य होते, ही दिलासा देणारी बाब होती. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब यावे, अशी सूचनाही त्यांनी दिली.

काही आठवड्यांत एसजीपीटी उतरू लागले. नेमका दोष कोणत्या घटकाचा होता, हे अशा वेळी बहुधा निश्चित सांगता येत नाही; इतर कारणे वगळत वगळतच निदानापर्यंत जावे लागते.

‘मग मी करायचे तरी काय?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांचे वजन जास्त होते, आणि अशा व्यक्तीने सुमारे ५ टक्के वजन कमी केले तरी यकृतातील चरबी घटू लागते. ७ ते १० टक्के कमी केल्यास दाहही कमी होण्याची शक्यता वाढते. मद्य बंद, रोज वेगाने चालणे आणि साखरेची पेये वर्ज्य, एवढ्यावरच आम्ही सुरुवात केली. मिल्क थिसल पुन्हा घ्यावे का, हे या वेळी त्यांनी स्वतःहून डॉक्टरांनाच विचारले. ते बहुतेकांना सोसते, पण फॅटी लिव्हरवर त्याचा खात्रीचा उपयोग सिद्ध झालेला नाही, असे ऐकल्यावर ते तूर्त न घेण्याचा निर्णय त्यांनी घेतला.