हळदीतलं कर्क्युमिन मेंदूच्या पेशींना दाहापासून खरंच वाचवतं का?

प्रयोगशाळेत हो, माणसात अजून ठाम सांगता येत नाही.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. त्या सतत चिडलेल्या राहिल्या की टीएनएफ-अल्फासारखी दाहक रसायनं सोडतात आणि शेजारच्या चांगल्या न्यूरॉन्सनाच झळ बसते. कर्क्युमिन या पेशींमधला एनएफ-कप्पा-बी हा दाह सुरू करणारा मुख्य खटका बंद ठेवतं. पण हे दिसलं ते प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत आणि उंदरांत.

खरी गोची पोटात आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडं शोषलं जातं त्याची विल्हेवाट यकृत झटपट लावतं. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपरीन दिलं, तेव्हा रक्तातली उपलब्धता 2000 टक्के वाढली. म्हणजे हळदीच्या दुधात मिरपूड घालणं अगदीच खुळेपणाचं नाही! तरी हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास. चमचाभर हळदीत कितीसं येणार?

अल्झायमरच्या रुग्णांवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 24 आठवड्यांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. त्यामुळे आमटी-भाजीतली हळद खुशाल खा, पण महागड्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने नकोत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच. पिपरीनवाल्या कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.