पावसाळ्यात कुंडीतली तुळस, पुदिना, ओवा दरवर्षी कुजतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुळस मान टाकते, म्हणून पाणी घालता आणि चार दिवसांत ती जाते. डोंबिवलीतल्या गॅलरीत मी दोन पावसाळे हेच केलं. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर झाड तहानलेलं नाही, मुळांना हवा मिळत नाहीये. तिसऱ्या वर्षी गेलेली तुळस उपटून बघितली. मुळं काळी, गटारासारखा वास, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली, आत नुसता दोरा. कुंडीला भोक होतं हो, पण त्यावर ठेवलेली खापरी चिखलाने लिंपून गेली होती.

तेव्हापासून मे संपता संपता प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओतते. खालून लगेच ठिबकलं नाही तर भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून मोकळं करते. कुंड्या दोन विटांवर चढवते. खालच्या ताटल्या सरळ उचलून ठेवा, त्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात.

तुळस पागोळीखाली नको, पण उजेडात हवी. मंजिऱ्या खुडा, मातीला टेकलेली पानं काढा. पुदिना दाटला की आतून सडतो. मातीपासून दोन बोटं ठेवून बिनधास्त कापा, पुन्हा फुटतो. ओव्याच्या जाड पानांत पाणी असतंच, त्याला आडोशाला ठेवा आणि एक फांदी दुसऱ्या कुंडीत खोचून ठेवा, चटकन लागते. गवती चहाला मात्र खुशाल भिजू दे. जुलैत कोथिंबीर पेरायच्या भानगडीत मी पडत नाही, भाजीवाल्याकडून जुडी आणते.

नवीन माती भरणार असाल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमी, वाळू जास्त. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, उन्हाळ्यात तोच त्याचा गुण. मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर उघडीप बघून संध्याकाळी नीमतेल मारा, सरीच्या आधी मारलेलं सगळं वाहून जातं.

आत्ताच्या तुळशीचं बूड काळं पडलं असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. वरची हिरवी, वीतभर फांदी कापा, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात खिडकीत ठेवा, पाणी एक दिवसाआड बदला. पंधरवड्यात मुळं दिसतात. आमच्याकडे गेल्या तुळशीच्या लग्नाला उभी होती ती अशीच पेल्यातली.