दोन ‘ई’ आणि मधला ‘टी’

प्रश्न : ‘डिस्क्रीट’च्या शेवटी कधी ‘ई-ई-टी’ दिसते, कधी ‘ई-टी-ई’. उच्चार तर एकच. ही एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं आहेत की शब्दच वेगळे?

उत्तर : शब्द दोन आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. ‘ई-ई-टी’वाला वागण्याबोलण्याला लागतो. कानावर आलेलं पोटात ठेवणारा, बोभाटा न करता काम उरकणारा माणूस तो डिस्क्रीट. गाजावाजा न करता केलेली चौकशीही डिस्क्रीटच.

‘ई-टी-ई’वाला म्हणजे सुटा, अलग. सर्किटमध्ये एकेक सुटा ट्रान्झिस्टर, रेझिस्टर जोडला तर ते डिस्क्रीट कम्पोनन्ट. तेच एका चिपमध्ये एकत्र घडवले की इंटिग्रेटेड सर्किट. फाशावर १ ते ६ यांपैकीच एक आकडा पडतो, साडेतीन कधीच नाही, म्हणून तो डिस्क्रीट. उंची मात्र सलग वाढते. पण डिस्क्रीट म्हणजे पूर्णांकच, असं समजू नका. बुटाचं माप ७, ७.५, ८ असं जातं. त्यात अपूर्णांक आहे, तरी ७.५ आणि ८ यांच्या मध्ये माप नाही, म्हणून तेही डिस्क्रीट.

दोघांचं मूळ एकच : लॅटिन ‘डिस्क्रेतुस’, म्हणजे वेगळं केलेलं. वेगळं करता येणं म्हणजे पारख, आणि पारख असलेल्याला कुठे काय बोलू नये हेही कळतं. आपल्याकडे अगदी हीच जोडी आहे, हे फार सुंदर वाटतं. ‘वि’ उपसर्ग आणि ‘विच्’ हा वेगळं करण्याचा धातू. त्यातून ‘विविक्त’ म्हणजे अलग केलेला आला आणि ‘विवेक’ही. नीरक्षीरविवेकात दूध आणि पाणी वेगळंच तर करायचं असतं.

स्पेलचेकर ही चूक सहसा पकडत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं कोशात आहेत. लिहिताना एवढं पाहा : ‘सुटा’ म्हणायचं असेल तर मधल्या ‘टी’ने दोन ‘ई’ सुटे केलेले हवेत.

प्रश्न : मग ‘डिस्क्रेशन’ यातल्या कोणाचं?

उत्तर : ‘ई-ई-टी’वाल्याचं, जरी त्यात ‘ई’ एकच उरतो. अर्थ तारतम्य, तसाच स्वतःच्या विचाराने निर्णय घेण्याची मुभा. ‘इनडिस्क्रीट’ हा विरुद्धार्थी शब्दही याचाच. सुट्या डिस्क्रीटचा विरुद्धार्थी शब्द ‘कंटिन्युअस’.