एडमंटनला येताय आणि घरमालकीण युक्रेनी आहे? मग विशिवांकाबद्दल हे वाचा

तुम्ही विचारलंय की एडमंटनमध्ये ज्या युक्रेनी कुटुंबाकडे बेसमेंट भाड्याने घेताय, तिथल्या आजींनी मे महिन्यातल्या विशिवांका दिवसाचं आमंत्रण आत्ताच देऊन ठेवलंय. ते नेमकं काय असतं आणि आपण भारतीयांनी त्या दिवशीचा तो भरतकामाचा सदरा घातला तर त्यांना खटकेल का? अजिबात नाही. जरूर जा, त्यांनी दिला तर जरूर घाला.

विशिवांका म्हणजे भरतकाम केलेला सदरा, बहुतेकदा पांढरा. बायका, पुरुष, मुलं सगळेच घालतात. मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी तो घालूनच कामाला किंवा शाळेत जायचं, ही प्रथा २००६ साली युक्रेनमधल्या चेर्निव्हत्सी शहराच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केली.

एडमंटनमधलं त्याचं मूळ मात्र फार जुनं आहे. १८९१ मध्ये आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या नेबिलिव्ह गावचे दोन शेतकरी कॅनडात पोचले. त्यांच्या मागोमाग गॅलिसिया आणि बुकोविना या तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत असलेल्या प्रांतांतली हजारो कुटुंबं आली, त्यातली बरीच या शहराच्या पूर्वेला जमिनी घेऊन राहिली. कागदोपत्री ते ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन, आणि ते साम्राज्य पहिल्या महायुद्धात विरुद्ध बाजूला, म्हणून कॅनडाने त्यांना शत्रुराष्ट्राचे ठरवलं आणि हजारोंना छावण्यांत डांबलं. पुढे त्याच समाजातले विल्यम हॉरेलाक १९५१ मध्ये एडमंटनचे महापौर झाले. नदीकाठचं मोठं पार्क त्यांच्याच नावाचं आहे. १९७४ पासून इथल्या शाळांत युक्रेनी-इंग्रजी द्विभाषिक वर्गही आहेत. तरी इतक्या पिढ्यांत पुष्कळ घरांतून भाषा गेली. सदरे राहिले.

माझ्या शेजारच्या आजींकडे पश्चिम युक्रेनमधल्या बोर्श्चिव्ह भागातला एक आहे. आपण पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवतो ना, तसाच जपलेला. बाहीवर काळ्या लोकरीचं भरतकाम इतकं दाट की खालचं कापड दिसतच नाही. हातात घेतला की वजन जाणवतं. गळा, मनगट आणि खालची कड इथे नक्षी हवीच, कारण कपडा जिथे उघडा पडतो तिथून वाईट शिरतं, अशी जुनी समजूत. जाणकार माणूस नक्षीवरून मुलूख ओळखतो: पोल्तावाचं पांढऱ्यावर पांढरं, हुत्सुल लोकांच्या डोंगराळ भागातलं नारिंगी-पिवळं, बुकोविनाचं मणीकाम. तुम्हीही तुमच्या घरमालकीण आजींना आवर्जून विचारा, हा कुठला, कोणी भरला. तासभर बोलतील, आणि ऐकण्यासारखं बोलतील.

२०२२ नंतर युद्धामुळे आलेली मंडळीही तिथे भेटतील. त्यांतले खार्किव्ह, ओदेसाकडचे कितीतरी जण घरात रशियन बोलत मोठे झालेत. कुणीकुणी रशियन जाणूनबुजून सोडली आहे आणि विशिवांका हौसेने घ्यायला लागले आहेत, जीन्सवर, रोजच्या वापरात. जुन्या घरांतल्या काहींना ही फॅशन वाटते, नव्यांना जुन्यांचे सदरे म्युझियममधले वाटतात. मला विचाराल तर नव्यांचा सदरा तितकाच खरा आहे. ज्यांचं गाव आज बॉम्बखाली आहे, त्यांनी आपण कोण हे अंगावर घालून सांगावं, याहून मोठं कारण काय हवं? म्हणून 'रशियन ड्रेससारखाच दिसतो' असं चुकूनही बोलू नका. युद्धात घरचं कोण आहे, हेही त्यांनी काढल्याशिवाय विचारू नका.

विकत घ्यायचा असेल तर छापील नक्षीचा घेऊ नका. मशीनवर भरलेला चालतो, कुणी नाक मुरडत नाही. हाताने भरलेल्याला शेकडो डॉलर पडतात आणि ते रास्त आहेत. पहिल्याच वर्षी एवढा खर्च नको वाटला तर आपला साधा कुर्ता किंवा साडी नेसून जा, फार आवडतं त्यांना. फुलं नेलीत तर विषम संख्येत न्या; सम संख्येची अंत्यविधीला देतात. आणि उन्हाळ्यात एक दिवस काढून हायवे १६ वरचं युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज बघून या. त्या पहिल्या कुटुंबांची घरं, चर्च तिथे आणून उभी केली आहेत. आजींना गाडीत घेऊन गेलात तर उत्तमच.